वाकड्यांची टोळी

"हिचे पाय कोणी सरळ केले?"

दारात एक भिजलेला, उंच मुलगा उभा होता आणि पुस्तकांच्या मांडणीकडे बोट दाखवत होता. ती मी नुकतीच पुरी केली होती.

"मी," मी तोऱ्यात सांगितलं. मामाच्या वर्कशॉपमधलं जोडकाम माझ्याकडे असे. ड्रॉइंगमध्ये एक पाय आखूड, फळ्या घसरगुंडीसारख्या. काढणाऱ्याची चूक असणार म्हणून गुण्या लावून मी सगळं काटकोनात आणलं होतं आणि आता शाबासकीची वाट बघत होते.

"अहो, ती तिरकीच हवी होती!"

"मग तसं सांगायचं नाही का?"

"ड्रॉइंग दिलं होतं ना..." तो मांडणीसमोर उकिडवा बसला, बघत राहिला आणि... हसत सुटला. मी तिथेच कामातून गेले.

तो धरून ते चौघे मित्र होते. शहाण्यासारखं कोपऱ्यात उभं राहणाऱ्या करड्या फर्निचरचा त्यांना मनस्वी वीट आला होता. त्यांच्या टेबलांना गुलाबी ठिपके असत, खुर्च्यांना पिवळे पट्टे, आणि एकाही वस्तूचे दोन पाय सारखे नसत. मामा त्यांना वाकड्यांची टोळी म्हणायचा आणि याला वाकडोजी. टोळीचा एकच नियम होता. एखादी वस्तू लोकांना आवडली, मागणी आली, की ती पुन्हा करायची नाही.

"म्हणजे आवडलं की टाकून द्यायचं?" मी एकदा लॅमिनेट चिकटवताना विचारलं.

"वस्तूंबद्दल बोलतोय मी."

"मीही वस्तूंबद्दलच," मी म्हणाले. धडधडीत खोटं! "हात काढ, चिकटशील."

"चिकटू दे की."

अहो-जाहो कधी गळून पडलं होतं, आठवत नाही. बाहेर आठवडेच्या आठवडे मळकट आभाळ आणि भुरभुर पाऊस, आत गोंदाचा वास, आणि त्याची पिवळ्या रंगाने माखलेली नखं. मला तेवढं पुरत होतं. पण तो नियम मनातून जात नव्हता. मी त्याची झाले, की तो नव्या कशाच्या तरी मागे निघून जाईल... ही भीती सतत असायची.

त्यांचं प्रदर्शन भरलं. लोक आधी पोट धरून हसले, मग त्या तिरक्या मांडणीवर तुटून पडले. एका मोठ्या शोरूमने तीच मांडणी कायम करत राहायची नोकरी टोळीपुढे ठेवली. नियमाला जागून तिघांनी सामान बांधलं आणि जिथे त्यांना कुणी ओळखत नाही अशा शहराची वाट धरली. हा मात्र मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, नखं घासून स्वच्छ.

"उद्या सही करतोय," तो म्हणाला. "इथेच राहीन. तुझ्याजवळ."

हेच तर मी देवाकडे मागत होते! मग उडी का मारली नाही मी? त्या स्वच्छ नखांकडे बघून मला रडू येत होतं.

"तीच मांडणी? रोज?"

"सवय होईल."

मामा सकाळी पाठ धरून उठताना हेच म्हणतो.

"सही करू नकोस," मी म्हणाले.

"मग मला त्या तिघांमागे जावं लागेल. तू... येशील?"

काचेपलीकडे मामा करवतीच्या मशीनवर वाकला होता. आईबापांमागे त्यानेच मला वाढवलं. आता त्याचे हात थरथरतात, आणि फळी धरायला मी नसले तर एखाद दिवशी बोटं जातील.

"नाही येता येणार."

"मला घालवून देतेयस?"

"हो. माझं प्रेम आहे तुझ्यावर, म्हणून. इथे राहिलास तर दोन वर्षांत तू त्या शोरूमकडे बघशील तसाच माझ्याकडे बघायला लागशील. ते मला सोसणार नाही."

तो जवळ आला. मग त्याने माझ्या केसांतला भुसा हळूच फुंकला.

"माझंही आहे," तो म्हणाला. "सांगायला उशीर केला."

"केलास खरा."

"मी गेल्यावर तू काय करशील?"

"रडेन. मग फळी धरायला जाईन."

तो कसनुसा हसला आणि पावसात निघून गेला. मागे वळेल म्हणून मी दारात थांबले होते. तो वळला नाही. मी दार लावून घेतलं, पाठ टेकून खाली बसले आणि सांगितलं होतं तशी रडले. आत मामाने मशीन बंद केलं होतं. तो माझी वाट बघत होता.