निळ्या कव्हरची रेकॉर्ड

“डावी बाही वर करा,” तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघताच त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला.

मी बाही वर केली! घाबरले की समोरचा सांगेल ते मी मुकाट्यानं करते, ही माझी जुनी खोड. सुई अगदी जवळ आली तेव्हा कुठे मला कंठ फुटला.

“थांबा... मला रक्त नाही द्यायचं. मला तुमचा ओव्हन हवाय.”

त्यानं मान वर केली. पांढरा कोट, खिशाला तीन पेनं, आणि डोळे असे, की हसू आधी तिथं यायचं, ओठांवर मागाहून.

“ओव्हन? काय शिजवणार आहात?”

“गाणी,” मी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर कुठे तोंड लपवू असं मला झालं. बाकावरच्या काकांनी हातातला पेपर खाली केला.

“बसा,” तो गंभीरपणे म्हणाला. “काकांचं रक्त घेतो, मग तुमची गाणी बघू.”

त्या तपासणी-लॅबपासून तीन इमारती पुढे आमची रेकॉर्ड कंपनी. जुन्या टेपांवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हे माझं काम. हे काम करताना माझा जीव सतत टांगणीला लागलेला असतो, म्हणून ऑफिसात माझं नाव पडलंय ‘धास्ती’. मशीनचं बटण दाबण्याआधी मी तीनदा तपासते. घराचं कुलूप चारदा.

काकांचं रक्त घेऊन झाल्यावर मी त्याला सगळं एका दमात सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी एका गायिकेची आमच्याकडे एकच रेकॉर्ड निघाली होती. सहा गाणी, निळं कव्हर. ती संपली आणि पुन्हा कधी निघालीच नाही. लोक मात्र विसरले नाहीत. ‘निळी रेकॉर्ड पुन्हा काढा’ अशा पत्रांची आमच्याकडे एक जाडजूड फाइल आहे. ती मी बरोबरच आणली होती. त्यानं मधलंच एक पत्र काढून वाचलं.

“‘माझ्या रेकॉर्डला चौथ्या गाण्यात चरा आहे. आता मला मूळ ओळ आठवत नाही, मी चऱ्यासकटच गुणगुणतो. कृपया मरायच्या आत एकदा नीट ऐकवा.’” तो मनापासून हसला, मग एकदम थांबला. “मग काढत का नाही तुम्ही?”

“मूळ टेप आजारी आहे. दमट हवेनं तिच्यावरचा मसाला चिकट झालाय. तशीच वाजवली तर तो सालासारखा सुटून येईल आणि गाणंही त्याच्याबरोबर जाईल. आधी शेकावी लागते. चोपन्न अंशांवर, आठ तास, एक अंशही इकडेतिकडे नाही. मग थंड करायची... आणि मग एकदा, फार तर दोनदा वाजते. आमचा ओव्हन बिघडलाय. रस्त्यावरून तुमचा दिसला.”

“तो काचेच्या नळ्या वाळवायचा आहे.”

“माहीत आहे. पण त्याच्यावर अंशांचा काटा आहे.”

“म्हणजे तुम्ही आमच्या खिडकीतून डोकावून आमचा काटा वाचलात?”

“...तीनदा.”

ह्या वेळी हसू ओठांपर्यंत पोचलं.

गेल्या महिन्यात खुद्द त्या गायिकेचाच फोन आला होता, हेही मी त्याला सांगितलं. “माझीच गाणी मागतेय हो, तुमच्याकडे असली तर,” असं म्हणाल्या होत्या त्या. स्वतःची रेकॉर्ड त्यांनी कुणाला तरी ऐकायला दिली होती, ती परत आली नव्हती. एक कान गेलेला. दुसराही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. “आणून देते, आजी,” असं मी बोलून बसले होते.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. आमचं टेपांचं भांडार सोमवारी रिकामं करायचं होतं आणि खराब टेपा भंगारात जाणार होत्या. “ती निळी संपलेली आहे, यादीत टाक,” असं साहेबांनी मला सांगितलं होतं. मी यादीत टाकली नाही. रजिस्टरवर सही न करता, डब्यासकट, माझ्या पिशवीत टाकली.

लॅबच्या डॉक्टर मॅडमकडे त्यानं स्वतः जाऊन शब्द टाकला. रविवारी लॅब बंद असते, तेव्हा चालेल, असं त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी आठला टेप ओव्हनमध्ये गेली. कोणती टेप शेकायची आणि कोणती मुळीच नाही, हे मी पुस्तकात पुन्हा एकदा बघून घेतलं होतं. तरी दार लागल्याबरोबर मी श्वास रोखून काट्याकडे बघत राहिले.

“तुम्ही श्वास घेतलात तरी चालेल,” तो म्हणाला. “तिला लागणार नाही.”

आम्ही दोन स्टुलं ओढून काट्यासमोर बसलो. दर पंधरा मिनिटांनी मी आकडा वाचायचा, त्यानं तो नमुन्यांच्या वहीत लिहायचा. ‘रुग्णाचं नाव’ ह्या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘निळी’. ‘वय’: चाळीस. ‘लक्षणं’: चिकटपणा.

“आणि सोबत आलेल्यांची लक्षणं?” मी विचारलं.

“हात गार. नखं कुरतडणं. दर दोन मिनिटांनी उठणं, पुन्हा बसणं.” तो वहीतून वर न बघता म्हणाला. “आणि... बघणाऱ्याचं लक्ष काट्यावरून उडवणं.”

मी घाईघाईनं काट्याकडे पाहिलं. चोपन्न. माझ्या कानांचा आकडा मात्र बराच वर गेला असावा.

साडेबारा वाजले आणि वीज गेली.

पंख्याची घरघर थांबली, ओव्हनचा लाल दिवा विझला. मी दाराकडे झेपावले. त्यानं माझं मनगट धरलं.

“उघडू नका. बंद दारात ऊब टिकते.”

“जनरेटर?”

“त्याच्यावर फक्त फ्रीज चालतो. त्यात लोकांचे नमुने आहेत.”

त्रेपन्न. बावन्न. एक्कावन्न. काटा उतरत होता तसं माझं अवसान गळत होतं. त्याचा हात अजून माझ्या मनगटावर होता, आणि त्या हाताच्या भरवशानंच बहुतेक, माझ्या तोंडून निघून गेलं...

“ही टेप मी न सांगता आणलीय. कुणाचीच परवानगी नाही. हिला काही झालं तर माझी नोकरी जाईल.”

हात बाजूला झाला. त्यानं वही मिटली. ओरडला असता तर परवडलं असतं.

“मी मॅडमना शब्द दिलाय,” तो म्हणाला. “सगळं रीतसर आहे, असं सांगितलंय.”

“माहीत आहे.”

“मला आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हणेन, असं वाटलं तुम्हाला?”

“...हो.”

“म्हटलंच असतं. मग रात्रभर तळमळलो असतो आणि सकाळी येऊन हो म्हटलं असतं. ती एक रात्र तुम्ही मला द्यायला हवी होती.”

माझे डोळे भरून आले. तो उठला, बाहेरच्या खोलीत गेला. काचेतून मला तो फोनवर बोलताना दिसत होता. मॅडमना सांगतोय... संपलं सगळं. मी डबा जवळ ओढला, टेप कशी बाहेर काढायची, किती गरम असेल, साहेबांना काय सांगायचं, डोक्यात नुसता गोंधळ. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस.

तो परत आला.

“मॅडम म्हणाल्या, सुरू केलंय ते पुरं करा. पण उद्या त्या मुलीनं साहेबांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं. वाजवायच्या आधी.”

“सांगते.”

“आणि मला म्हणाल्या, तू गाढव आहेस.”

“माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं तुम्हाला...”

“नाही, ते... वेगळ्या कारणासाठी,” तो पुटपुटला आणि एकाएकी काट्याकडे निरखून बघू लागला.

वीज आली तेव्हा काटा चव्वेचाळीसवर होता. आम्ही दोन तास वाढवून दिले. पण गप्पांचा धागा तुटला तो तुटलाच. मी आकडा वाचायची, तो लिहायचा. संध्याकाळी टेप काढून थंड व्हायला ठेवली आणि मी घरी निघाले, तेव्हा “सावकाश जा” एवढंच तो म्हणाला. त्या रात्री मी किती कुलपं तपासली कुणास ठाऊक. नवल म्हणजे, टेपेची काळजी दुसऱ्या नंबरावर गेली होती.

सोमवारी सकाळी लॅबमधून डबा घ्यायला गेले, तर तो पायरीवरच उभा. डबा छातीशी धरलेला, अंगात कोट नाही.

“मी अजून रागावलेलोच आहे,” तो म्हणाला. “पण येतोय.”

साहेबांना मी दारातच सांगितलं. सगळं, काही न गाळता. साहेबांचा चेहरा लाल होत गेला.

“ही चोरी आहे, कळतंय तुला? टेप जागेवर ठेव. आत्ताच्या आत्ता!”

समोरचा सांगेल ते मुकाट्यानं करणारी मी. पाय तिथंच रोवले गेले.

“ठेवते, साहेब. एकदा वाजवून ठेवते.”

आणि ते पुढं काही बोलायच्या आत मी टेप मशीनवर चढवली. बटण दाबलं. एकदाही न तपासता.

आधी नुसती खरखर. मग तंबोरा, आणि त्या आवाजानं खोलीत पाऊल टाकलं. काय सांगू... भरदार, थोडा घोगरा, जणू कुणीतरी जवळ बसून फक्त आपल्याला सांगतंय. पहिलं गाणं गेलं, दुसरं, तिसरं. मशीनच्या पट्टीवर तपकिरी भुकटी जमू लागली. चौथ्या गाण्यात टेप चीं-चीं करायला लागली. थांबवायची सोय नव्हती, थांबवली तर जागच्या जागी चिकटली असती. मी फिरत्या रिळावर अलगद बोट टेकवलं. किंचित ताण... किंचित ढील... माझ्या खांद्यामागे त्याचा श्वास अडकलेला मला जाणवत होता. चीत्कार बारीक झाला, मग विरला. चौथं गाणं, चऱ्याशिवाय, शेवटपर्यंत गेलं. मग पाचवं. मग सहावं.

रीळ रिकामं फिरत राहिलं तेव्हा साहेब खुर्चीत बसलेले होते. कधी बसले, आम्हाला कळलंच नव्हतं.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले.

“आता कॉम्प्युटरवरून, साहेब. सगळं उतरलंय.”

दुपारी माझ्या टेबलावर दोन कागद आले. एक ताकीद, लेखी, चांगली खरमरीत. दुसरा, निळी रेकॉर्ड पुन्हा काढण्याची मंजुरी. दोन्हींवर सही एकाच पेनाची.

गुरुवारी आम्ही दोघं गायिकेच्या घरी गेलो. जिन्यात आमच्यात अजून एका पायरीचं अंतर होतं. तिसऱ्या मजल्यावर एक लख्ख खोली, पलंगावर आजी, पाठीला दोन उशा. त्यांच्या चांगल्या कानावर मी हेडफोन नीट बसवला. गाणं सुरू झालं. आजींचं एक बोट चादरीवर ताल धरायला लागलं आणि सहाही गाणी संपेपर्यंत थांबलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, ते शोधत होते. ऐकू तरी येतंय ना? उशीर तर नाही झाला?

त्यांनी डोळे उघडले.

“दुसऱ्या गाण्यात अंतऱ्याला मी घाई केलीय,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच सांगितलं होतं, पुन्हा घेऊ या म्हणून. ऐकलं नाही मेल्यांनी.” मग डोळे पुसत म्हणाल्या, “बाकी बरी गायची हो ही मुलगी.”

मी हसत होते आणि रडतही होते. रुमाल सापडेना. त्यानं आपला पुढे केला. आजींनी तो रुमाल पाहिला, तो हात पाहिला आणि हेडफोन काढून ठेवला.

“आणि हे कोण?”

“हे लॅबमध्ये असतात, आजी. ह्यांच्यामुळेच टेप वाचली.”

“ते झालं. तुझे कोण?”

त्यानं घसा साफ केला.

“मलाही तेच विचारायचं होतं,” तो माझ्याकडे बघत हळूच म्हणाला. “रविवारपासून. राग तर मंगळवारीच संपला... पण तुम्ही काय म्हणाल ह्या धास्तीनं जीभच उचलेना. मॅडम गाढव म्हणाल्या, ते ह्याच्यासाठी.”

म्हणजे धास्ती त्यालाही होती! इतका शांत बसून आकडे लिहिणाऱ्या त्या माणसाला... माझ्या छातीत धडधडत होतं, पण ही धडधड नेहमीची नव्हती.

“हा माझा आहे, आजी,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक, की माझा मलाच जेमतेम ऐकू आला.

त्याला मात्र आला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आजींनी कानामागे हात धरला.

“काय गं? मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही!”

मग काय, मला ते मोठ्यानं सांगावं लागलं. इतकं मोठ्यानं, की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थबकली आणि हातातली चादर तशीच धरून आमच्या खिडकीकडे बघून हसली.