न थांबणारी गाडी

उपनगरातलं ते स्टेशन इतकं लहान, की डुलकी लागलेल्या प्रवाशाला ते आलं नि गेलं हे कळतही नसे. दोन फलाट, त्यांना जोडणारा लोखंडी पूल आणि एक तिकीटखिडकी. आता नवी इमारत व्हायची होती. तिच्या भिंतीवर लावायला स्टेशनचा इतिहास हवा, म्हणून ते काम शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंकडे आलं. बाई कामाला चोख. ऐकीव गोष्टींना त्यांच्याकडे थारा नव्हता.

त्या उतरल्या आत्याकडे. आत्याची सारी नोकरी याच स्टेशनात गाड्या पुकारण्यात गेली होती. पुढे यंत्र आलं, आणि घशाच्या ऑपरेशननंतर आत्याचा आवाजही गेला. उरली ती कुजबुज. बोलायची हौस मात्र तेवढीच. "पूर्वी सारी वस्ती माझं ऐकायची," ती म्हणे, "आता मांजरही ऐकत नाही."

बाई रोज फलाटावर बसून जुन्या लोकांना बोलतं करत. तिथेच एक गोष्ट त्यांच्या नजरेला खटकली. दुपारची गाडी गेली की फलाट पेंगुळायचा. मग केव्हातरी, कुणी काही न सांगता, सगळे कडेपासून मागे सरत. पेपरवाला आपला गठ्ठा ओढून घेई. झाडणारी मावशी भिंतीला टेकून उभी राही. तेवढा वेळ कुणी बोलत नसे. मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

"मागे का सरलात?" बाईंनी पेपरवाल्याला विचारलं.

"कुठे सरलो?" तो म्हणाला, आणि आपली पाठ भिंतीला लागली आहे हे पाहून ओशाळला. "आमचे वडीलही असेच सरायचे."

संध्याकाळी जेवताना बाईंनी हे हसत हसत आत्याला सांगितलं. आत्याने हातातला घास ताटात ठेवला.

"न थांबणारी गाडी ती. वेळापत्रकात कधीच नव्हती. माझ्या आधी जे पुकारायचे, त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की रोज सांगायचं, ही गाडी इथे थांबणार नाही."

"प्रवाशांना?"

"प्रवासी तर आपणहून बाजूला होतात. त्यांना कशाला सांगायचं? सांगायचं ते गाडीला." आत्याने ताट बाजूला सारलं. "यंत्राला हे कोण शिकवणार? हल्ली ती फार हळू जाते, पोरी."

बाईंचा विश्वास बसला नाही. पण आत्या ताटावरून उपाशी उठली, ते त्यांना बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या समाधानासाठी त्या स्टेशनमास्तरांना जाऊन भेटल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, यंत्रात नसलेली गाडी मी पुकारू कशी?" ते म्हणाले. ते हसले मात्र नाहीत.

त्या दुपारी आत्याही फलाटावर आली. लख्ख ऊन होतं. ठरल्यासारखी माणसं मागे सरली. बाई मुद्दाम पिवळ्या पट्टीशी उभ्या राहिल्या. रूळ रिकामे होते, खडीवर एक कावळा बसला होता. तो उडाला. पाठोपाठ गार वारा त्यांच्या तोंडावर आला, आणि त्याला तापलेल्या लोखंडाचा वास होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं. भिंतीला टेकलेल्या माणसांच्या अंगावरून उन्हाचे चौकोन सरकत होते. एकामागून एक, मध्ये सावलीची पट्टी, पुन्हा चौकोन. खिडक्या जाव्यात तसे.

"सांग तिला," हातभर मागे उभी असलेली आत्या कुजबुजली. "माझा आवाज पोचत नाही. मोठ्याने सांग."

बाईंनी तोंड उघडलं. शब्द ओठांवर होते. पण चारचौघांत, रिकाम्या रुळांकडे बघून ओरडायचं?

चौकोन मंदावले.

"सांग ना गं."

एक चौकोन आत्याच्या छातीवर आला आणि तिथेच राहिला.

भिंतीपाशी उभी असलेली माणसं आणखी पांगली. उतरणाऱ्यांना वाट द्यावी, तशी. आत्याने बाईंचं मनगट धरून त्यांना आपल्याकडे ओढून घेतलं. ती वाट बराच वेळ मोकळी राहिली.

परतताना आत्या पुलाच्या कठड्याला अगदी चिकटून चालली.

"घाई नको," ती म्हणाली. "जाऊ देत त्यांना पुढे."

संध्याकाळी बाई पाव आणायला कोपऱ्यावरच्या बेकरीत गेल्या. रांग दुकानापासून थेट गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती, पण माणसं मोजकीच होती. प्रत्येकाच्या पुढे बरीच जागा मोकळी होती, आणि ती भरायला कुणी सरकत नव्हतं.

"पाव पुरायचे नाहीत आज," बेकरीवाला आतल्या कारागिराला म्हणाला.

बाई शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढे सरावं असं त्यांच्या मनात आलं. पुढची जागा रिकामी होती, तरी त्यांचा पाय उचलला नाही.