रात्री मोजणारी सखू

डॉ. सुमित्रा पेडणेकरांच्या प्रयोगशाळेला प्रयोगशाळा म्हणायला अख्ख्या रत्नागिरीत फक्त त्या स्वतःच धजत. मागच्या पडवीत काचेची एक टाकी, तिच्यात दोन गुरामी मासे आणि मधोमध सखू. सखू ही बाईंनी उभी नोकरी खर्चून घडवलेली पाणवनस्पती. ती टाकीत असली की पाणी शुद्ध करायला यंत्र लागत नसे. तिच्या लांब दांड्यावर पिल्लं फुटत. दांडा वाकवून पिल्लू वाळूत दाबायचं, मुळं धरली की कापायचं आणि मागेल त्याला द्यायचं. बाईंनी गावभर सखू वाटली होती आणि सोबत सक्त ताकीदही दिली होती, "रात्री दिवा बंद. तिलाही झोप लागते."

गावानेही, कधी नव्हे ते, निमूट ऐकलं होतं.

यंदा दांड्यावर पिल्लं आलीच नाहीत. नुसती पांढरी फुलं आली, आणि पानं पारदर्शक होऊन गळू लागली. एकट्या बाईंकडे नव्हे, घरोघरी, एकदमच.

"रोग नाही, बाई," त्यांचा जुना विद्यार्थी डॉ. अफरोज मुकादम तपासणी करून आला होता. "म्हातारपण आहे."

"गेल्या वर्षीच्या पिल्लांनाही?"

"हिच्या पेशींत रात्रगणक आहे. दर रात्रीच्या अंधाराची एक रासायनिक खूण उमटते, ती पुसली जात नाही. ठरलेली संख्या भरली की झाड फुलतं आणि मरतं. बांबूची बेटं एकदम फुलून वाळतात ना, तसंच. आणि पिल्लू काही बीपासून होत नाही, आईच्याच पेशींतून फुटतं. म्हणजे आईच्या सगळ्या रात्री घेऊनच."

"म्हणजे मी लोकांना बाळं म्हणून म्हाताऱ्या वाटत होते." बाईंनी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "बी?"

"संकरित जात आहे. फुलं येतात, बी धरत नाही."

बाई टाकीसमोर बसून राहिल्या. त्यांना फार वाईट वाटलं. या साऱ्या गेल्या की जगात सखू उरणार नव्हती.

तेवढ्यात केतकीचा फोन आला. बाईंची ही एकुलती एक लेक सात वर्षं चंद्रावरच्या तळावर अभियंता होती. जाताना सखूचं एक पिल्लू घेऊन गेली, ती अजून परतली नव्हती. सुट्टी दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' व्हायची. चंद्रावरून उत्तर यायला दोन-अडीच सेकंद लागत, त्यामुळे मायलेकींना एकमेकींचं बोलणं तोडता येत नसे, आणि भांडणाची निम्मी मजा जाई.

पडद्यावर केतकी जांभई देत होती. तिच्यामागे टाकी लख्ख उजळलेली.

"केतकी! तुमची झोपायची वेळ ना? मग दिवा चालू कसा? किती वेळा सांगितलं..." बाई मध्येच थांबल्या. अफरोज उठून उभा राहिला.

केतकी ओशाळली. "बंद करते गं. पण इथे खिडकीबाहेर पंधरा-पंधरा दिवस काळोख असतो. तेवढं एकच हिरवं दिसतं. खरं सांगू? आल्यापासून बंद करवलाच नाही." तिने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" बाई ओरडल्या. दिवा विझला. मग ओरडणं चंद्रावर पोहोचलं आणि दिवा पुन्हा लागला.

"एवढ्याशा अंधाराची खूण उमटत नाही, बाई," अफरोज घाईघाईने म्हणाला.

उजेडात सखू दिसली. पानं जरा फिकट होती, पण दांड्यावर मुळं फुटलेलं टवटवीत पिल्लू होतं. सात वर्षांच्या रात्री तिच्या हिशेबात नव्हत्याच. बाईंनी डोळे पुसत लेकीला सगळं समजावून सांगितलं.

"मग पुढच्या मालयानाने पिल्लू पाठवते," केतकी म्हणाली.

बाई पडद्याकडे न बघता म्हणाल्या, "मालाच्या पेटीत अंधार असतो. दिवा घेऊन कुणीतरी सोबत यायला हवं."

वाटेतल्या तीन-चार रात्रींनी पिल्लाचं काहीच बिघडणार नव्हतं. अफरोजने ते सांगायला तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

उत्तर यायला हवं होतं, त्याहून जास्त वेळ लागला.

"रात्री मलाही मोजता येतात, आई." केतकी म्हणाली. "तीन-चार रात्रींनी त्याला काही होणार नाही. पण मी इतका दिवा लावून ठेवला, तरी माझ्या रात्री मोजल्या गेल्याच. येते मी. पिल्लू घेऊनच येते."