धुक्याआडची जोडी

पौषातल्या धुक्यात खारीटोल्याचा तलाव पार बुडाला होता. पण राहांगडाले गुरुजींच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो लख्ख दिसत होता. पाणी, कमळं आणि उथळात मान वाकवून उभी असलेली सारसांची जोडी. गुरुजींनी आधी हात जोडले, मग कळ दाबली.

कॅमेऱ्यात 'पूरक' होता. धुक्यातून येईल तेवढा उजेड तो वेचायचा आणि उरलेलं त्याच जागेच्या जुन्या फोटोंवरून भरून काढायचा. गुरुजी कौतुकानं सांगत, "कीर्तनात बुवांना ठसका लागला की मागचे टाळकरी ओळ उचलून धरतात ना, तसंच हे." ते स्वतः तीस वर्षं टाळकरी. ओळ कधी पडू दिली नव्हती.

अर्ध्या तलावावर तरंगत्या सौरपट्ट्या आल्या होत्या. उरलेल्या अर्ध्यावर अंथरायच्या का, हे आज अकराच्या बैठकीत ठरणार होतं. जोडी नांदती असेल तर पट्ट्यांचा त्रास नाही, असा नियम. आणि पुरावा, गुरुजी सौरप्रकल्पाच्या कार्यालयाला पाठवत ते फोटो. जोडी बिचकू नये म्हणून दर हिवाळ्यात ते काठावरच्या याच दगडावरून फोटो काढून, उन्हं यायच्या आत परतत. जवळ कधी गेले नाहीत.

धुक्यात वल्ह्याचा आवाज झाला. मासे धरणाऱ्या फुलवंताचा डोंगा.

"हळू गं," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. "जोडी उठेल."

"कोणती जोडी जी?"

"कमळांपाशी बघ."

"कमळांपाशी तर मीच आहो. सारस दोन सालांपासून कुठी आले? मले वाटे, तुमाले ठाऊक आहे. तुमी धुक्याचेच फोटो काढून राहिले."

गुरुजींनी पडद्यावर पाहिलं. कमळं होती, जोडी होती. डोंगा नव्हता.

"वल्हं वर कर."

"केलं जी."

त्यांनी फोटो काढला. वल्हं नाही, फुलवंता नाही. नराच्या पंखातलं मोडकं पीस मात्र तीन हिवाळ्यांपूर्वी होतं तसंच, तिथल्या तिथं.

टाळकऱ्यांनी ओळ धरायची ती बुवांना पुन्हा दम येईपर्यंत. इथं बुवा केव्हाच उठून गेले होते, आणि गुरुजी भक्तिभावानं टाळ कुटत बसले होते.

त्यांनी पूरक बंद केला. पुढचा फोटो नुसता पांढरा आला. मधोमध एक काळसर डाग, फुलवंताचा असावा. तोच त्यांनी कार्यालयाला पाठवला. खाली शेरा लिहिला : जोडी नाही. माझे मागच्या दोन वर्षांचे फोटोही खोटे.

उत्तर लगेच आलं, सोबत फोटोही. 'चित्र अस्पष्ट. कार्यालयीन पूरकाने पूर्ण करून स्वीकारले. सारस : दोन. शेरा नमुन्यात बसत नसल्याने वगळला. आभारी आहोत.'

डोंगा काठाला लागला. गुरुजी उत्तर वाचून दाखवू लागले. मध्येच थांबले, पण ओळ धरायला मागं कोणी नव्हतं.

"अकराला जातो," ते अखेर म्हणाले. "तोंडानं सांगतो."

फुलवंता पदर पिळत पडद्यावरचा तो पूर्ण केलेला फोटो पाहत होती. मघाशी तिचा डोंगा होता त्याच जागी दोन सारस डौलात उभे होते.

"मीही येते संगं," ती म्हणाली. "पण तिथं तरी दिसन का जी मी?"