पालथा हंडा

त्या दिवशी वारा साफ पडला होता. तागाची उभी ताटं हलत नव्हती, कुत्री जिभा काढून गाड्याखाली पडली होती, आणि ऊन असूनही उजेड कसा पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा. वादळाआधी मिसूरीच्या त्या मुलखात असंच होतं. पण आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

म्हातारा प्रायमस खोपटाच्या दारात बसून झाडू बांधत होता. शेजारी बिडाचा मोठा हंडा पालथा पडलेला. हात झाडूवर, कान मात्र पश्चिमेकडे. पहाटे त्याची नात व्हिनी तिकडं पळून गेली होती. कॅन्ससच्या हद्दीपलीकडं माणसं विकत नाहीत, एवढंच पोरीला ठाऊक. दिवस मावळेपर्यंत कोणाला कळलं नाही, तर ती सुटली. कळलं, तर कुत्री सुटतील.

हंड्याचं असं होतं, की गुलामांनी जमून प्रार्थना करायची नाही असा मालकांचा दंडक. मग ही माणसं ओढ्याकाठी वाळुंजाच्या झाडांच्या दाटीत जमायची आणि मधोमध हंडा पालथा घालायची. हंडा आवाज गिळतो, बाहेर जाऊ देत नाही, ही त्यांची बापजाद्यांपासूनची समजूत. प्रायमसची बायको हेस्टर म्हणायची, "गिळलेलं पोटात राहतं बरं. सुलटा करायच्या आधी वाहत्या पाण्यात रिकामा करावा." तिची लेक, म्हणजे व्हिनीची आई, दक्षिणेला विकली गेली, तेव्हा हेस्टर याच हंड्याखाली तोंड घालून रडली होती. कोणाला ऐकू गेलं नाही.

काल सांजेला व्हिनीनं त्याच हंड्याशी वाकून आपली वाट सांगितली होती. नदी कुठल्या उतारावर ओलांडायची, कोणाच्या कोठारात लपायचं, सगळं. आणि प्रायमसचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हंडा रिकामा न करताच, तसाच पालथा डोक्यावर घालून तो घरी आला होता. हे त्याला आत्ता आठवलं.

तो उठणार, तेवढ्यात गाडी येऊन थांबली. थोरला मालक ऑल्डन आणि त्याची दोन माणसं.

"काका, हा हंडा दे. शिसं वितळवायचंय. गोळ्या पाडायच्यात."

"ओढ्यावर धुऊन आणतो, मालक. साबणाची चरबी बसलीय."

"गोळ्या काय ताटात वाढायच्यात?" माणसं हसली. "धाकट्या भावाला वाढीन म्हणा. तो गेलाय ना उत्तरेच्या फौजेत, तुमचा कैवारी."

ऑल्डन आणि रॉयल, दोघांनाही हेस्टरनं आपलं दूध पाजून वाढवलं होतं. नव्या मुलखात गुलाम न्यायचे की नाही, यावरून ते बापासमोर जेवता जेवता भांडले. आधी घर फुटलं. मग म्हणे अख्खा देशच फुटला.

"नुसता बुडवून आणतो, मालक. एवढं ऐका..."

"सरक."

ऑल्डननं बुटाच्या टोकानं हंडा उलथला.

आतून गार वास आला, ओल्या मातीचा, जळक्या दारूगोळ्याचा. गाडीचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. माणसं त्याला धरायला धावली. आणि हंड्यातून, अगदी हळू...

"आजोबा, मी त्या उतारावरून..."

प्रायमसच्या हातातला झाडू गळून पडला.

"कोण बोललं?" ऑल्डन वाकला.

पुढचं शब्दात आलंच नाही. पोरीच्या कुजबुजीवर एक बाई रडू लागली. हेस्टर. वीस वर्षांपूर्वीचं रडणं, जसंच्या तसं. ते चढत गेलं, चढता चढता त्यातून घोड्यांच्या टापा निघाल्या, तोफा निघाल्या, आणि मग सगळं एकदम थांबलं. एक तरुण माणूस कण्हत होता.

"पाणी... कोणी पाणी द्या रे..."

ऑल्डनचा चेहरा राखेसारखा झाला. "रॉयल?"

हंड्यातून दुसरा आवाज आला. तो ऑल्डनचाच होता. उभा ऑल्डन मात्र ओठ मिटून होता.

"रॉयल... तू होतास? धुरात दिसलं नाही रे..."

मग काही नाही. हंडा रिकामा. तळाशी थोडी काजळी.

"काय झालं, साहेब?" घोडा शांत करून माणसं परतली.

"काही नाही. उचला." ऑल्डननं प्रायमसकडं पाहिलं. लहानपणी ठेच लागल्यावर पाहायचा, तसं. "काका, हे... चुकतं ना कधी?"

"कालपर्यंतचंच असतं आत, मालक. उद्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. जाऊ नका."

पण तो दक्षिणेच्या फौजेला मिळायला गेला. व्हिनीबद्दल विचारायचं त्याला सुचलंच नाही. गाडी दक्षिणेकडं वळली, धूळ बसली, दिवस मावळला. पोर सुटली होती. प्रायमसनं हंड्यानं उमटवलेल्या वर्तुळावर, दारातल्या त्या काळ्या खुणेवर, मूठभर पेंढा टाकला आणि तो तिथंच बसून राहिला.

शेजारची डॉर्कस मक्याची भाकर घेऊन आली. ती दिवसभर शेतात होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाकर पुढं करता करता तिचा हात थांबला. ती पेंढ्याकडं वाकली, कान देऊन जरा वेळ तशीच राहिली.

"दादा," ती हलकेच म्हणाली, "हंडा तर कुठं दिसत नाही. मग इथं मातीखाली पाणी कोण मागतंय?"