शेडनेटमधली कपाशी

"मॅडम, लवकर या! कोणीतरी माह्या झाडांचा सत्यानाश केला!"

पौर्णिमाचा फोन येताच सहायक कुलसचिव छाया शेडनेटच्या जाळीघराकडे धावली.

सेलूजवळच्या त्या कृषी विद्यापीठात सहायक प्राध्यापकाची एकच जागा निघाली होती. दुपारी निवड समिती उमेदवार पौर्णिमाची कमी पाण्यावरची कपाशी पाहणार होती.

झाडं उभी होती. खालची पानं हिरवीगार. पण शेंड्याची सगळी नवी पानं बोटांसारखी चिंचोळी होऊन मुरडली होती.

छायानेही शेतीतच एमएस्सी केलं होतं. प्राध्यापक व्हायचं राहून ती कार्यालयात अडकली होती. ती पानं पाहून क्षणभर तिला बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माह्याकडं अन् कैलास सरांकडं. आई आजारी म्हणून मी पंधरा दिवस अल्लीपूरले गेलती. पाणी सरच देत होते."

कैलास सर तिचे शिक्षक. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते.

"काल संध्याकाळी रुपेशनं किल्ली मागतली," मागोमाग आलेले सर म्हणाले. "त्याच्या आधी मी पाह्यलं, झाडं टवटवीत होती. रातोरात मुरडली."

रुपेश त्याच जागेचा दुसरा उमेदवार. छायाने त्याला बोलावलं.

"का गेला होतास आत?"

"पाहाले. जळत होतो मी तिच्यावर, खोटं काऊन बोलू?"

"झाडं कशी होती?"

"अशीच, मुरडलेली. मले वाटलं, हिचा प्रयोगच फसला. खूश झालतो मी."

"त्याआधी कुठे होतास?"

"पुण्याले, दुसऱ्या जागेच्या मुलाखतीच्या तयारीले. दोन आठवड्यांनी कालच आलो."

छायाने एक शेंडा हातात घेतला.

"सर, हे तणनाशक आहे. शेजारच्या शेतात फवारलं तरी वाऱ्यानं कपाशीची पानं अशी होतात. पण आधीचं पान चिंचोळं होत नाही; फवारणीनंतर नवं फुटतं, ते असं निघतं. त्याला आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा रुपेश पुण्यात होता, पौर्णिमा अल्लीपूरला. बाहेरच्या कपाशीला काहीच झालेलं नाही; शेडनेट बंद, किल्ली तुमच्याकडे. आणि रोज पाणी देणारा माणूस सांगतो, काल झाडं टवटवीत होती!"

कैलास सर खाली बसले.

"हिले शिकवता शिकवता माही वयोमर्यादा निघून गेली, मॅडम. उद्या ही पर्मनंट होईन, अन् मी हिच्या हाताखाली तासिका घेऊ? नाई सहन झालं. रुपेशवर ढकलता येईन म्हणून त्याले किल्ली देल्ली."

पौर्णिमा सरांकडे नुसती पाहत राहिली.

छायाने कुलगुरूंना फोन करून सगळं सांगितलं. समितीने प्रयोगाची आधीची निरीक्षणं ग्राह्य धरली. मुलाखत ठरल्याप्रमाणे होणार होती.

शिपाई बोलवायला आला. पौर्णिमाने डोळे पुसले, दारापर्यंत गेली, आणि सवयीने वळली.

"सर, येऊ मी?"

कैलास सरांना मान वर करता आली नाही.