सव्वाचारची मेल

लीयुनच्या भावाला मुलगी झाली आणि महिना भरला म्हणून रिवाजाप्रमाणे गल्लीत लाल अंडी वाटली, ते वर्ष २००५. बाळाचे आजोबा, म्हणजे लीयुनचे अप्पा, तेव्हा ट्यूना मासे पकडणाऱ्या जहाजावर, भर समुद्रात होते. नातीचं नाव त्यांनीच ठेवायचं, म्हणून बाळ अजून बिननावाचं.

लीयुन काउशुंग बंदरात, खलाशांच्या कुटुंबांसाठी चालणाऱ्या संस्थेत कामाला होती. जहाजांवरची पत्रं संस्थेच्या सर्व्हरवर मेलने यायची, ती छापून घरोघरी पोचवायची. पण स्पॅमचा असा सुळसुळाट झाला होता, की एक खरं पत्र शोधायला दोनशे खोटी उपसावी लागत.

एका दुपारी खांद्याला पिशवी अडकवलेला एक तरुण दारात उभा राहिला. तुंबलेली मोरी साफ करायला कोणीतरी येणार होतं, म्हणून लीयुनने मान वर न करता मोरीकडे बोट दाखवलं. तो मुकाट्याने गेला. थोड्या वेळाने हात पुसत आला आणि म्हणाला, "मोरी झाली. आता सर्व्हर कुठे आहे?"

लीयुनचे कान लाल झाले.

त्याचं नाव पोवेन, स्पॅम अडवणारा फिल्टर बसवायला आलेला. स्पॅम कोणता ते दाखवायला ती त्याच्या शेजारी बसली. घड्याळं, गोळ्या, इस्टेट वाटायला निघालेल्या विधवा...

"विधवेला उत्तर दिलंत का?" त्याने विचारलं.

"दिलं की. म्हटलं, मोरी साफ करणारा एक आहे, चालेल का?"

तो हसला. त्याच्या एकाच गालावर खळी पडत होती. ते तिने पाहिलं – आणि न पाहिल्यासारखं केलं.

फिल्टर कसा चालेल ते त्याने समजावलं. अनोळखी मेल आली की तिला दारातूनच सांगायचं, जरा वेळाने या. खरं पत्र थोड्या वेळाने परत येतं, भामट्यांना तेवढा धीर नसतो. काम त्याच दिवशी संपलं. तरी तो गुरुवारी फिल्टर तपासायला आला. शनिवारीही आला, पपई घातलेल्या दुधाचे दोन पेले घेऊन. संस्थेच्या प्रमुख चेन मावशी म्हणाल्या, हा फिल्टर फारच नाजूक प्रकृतीचा दिसतो.

स्पॅम थांबला. आणि अप्पांची मेलही थांबली.

पहिले तीन-चार दिवस लीयुनने मनाची समजूत घातली, मासळी जास्त लागली असेल. जहाजाच्या मालकाने फोनवर सांगितलं, जहाज जुनं आहे, यंत्र बिघडलं असेल. आई टीव्हीवरचं हवामान बंद करू देईना. नवव्या दिवशी तिने ताटातला भात तसाच ठेवला.

हे कळल्यावर पोवेन दुपारभर सर्व्हरच्या नोंदी चाळत बसला. साडेतीनला उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"तुमचे अप्पा रोज पत्र पाठवतायत. रोज सव्वाचारला... मीच परत पाठवत होतो."

परत पाठवलेल्या मेलची आठवण फिल्टर चारच तास ठेवायचा. बाकीची जहाजं तासाभरात पुन्हा पाठवत, त्यांचं निभावलं. अप्पांचं जुनं जहाज उपग्रहाला दिवसातून एकदाच जोडलं जायचं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा अनोळखी, पुन्हा तेच – जरा वेळाने या.

जहाजाचं यंत्र बिघडलं होतं असं त्याने सांगितलं असतं, तर कोणाला पत्ता लागला नसता. तो मान खाली घालून उभा राहिला. लीयुनने हातातली फाइल त्याच्या खांद्यावर हाणली, फार जोरात नाही. मग टेबलावर डोकं टेकून रडू लागली.

"म्हणजे... जहाज आहे ना?"

"आहे. काल सव्वाचारलाही होतं."

त्याने जहाजाचा पत्ता ओळखीच्यांच्या यादीत घातला. दोघं पडद्याकडे बघत बसले. सव्वाचार झाले, काही नाही. चार सतराला जहाजावर साठून राहिलेल्या नऊ मेल एकापाठोपाठ येऊन पडल्या.

लीयुन मोठ्याने वाचू लागली. गुडघा दुखतो. मासळी बरी आहे. पाचव्या पत्रात बाळाचं नाव होतं, शूयिंग. शेवटचं पत्र असं होतं: "कॅप्टन म्हणतो, तुमच्याकडून निरोप येतो, जरा वेळाने या. नऊ दिवस मी आपल्याच घराच्या दारात उभा आहे. दार कोणी लावलंय? परत आलो की त्याला माझ्यासमोर उभा करा."

तिने आधी आईला फोन केला. ऐकून आई म्हणाली, भात गरम करते.

लीयुनने डोळे पुसले. "ऐकलंस ना? अप्पा फेब्रुवारीत येतात. तोवर कुठे जायचं नाहीस."

"आणि त्यांनी विचारलं, हा कोण, तर?"

"तर सांगेन..." ती पडद्याकडेच बघत होती. "सांगेन, माझा आहे, जपून मारा."

फेब्रुवारीत अप्पांनी त्याला मारलं नाही, दोन पेले दारू पाजली. पुढच्या शरदात लग्न झालं. अप्पा त्यानंतर चार वेळा समुद्रावर गेले आणि चारही वेळा परत आले. २०१८ च्या मे महिन्यात, एकाहत्तराव्या वर्षी ते वारले – घरी, आपल्या अंथरुणात, सगळी माणसं जवळ असताना.